उजव्या पायावरचा आळ

चैत्र लागला की माझ्या अंगणातला कडुलिंब बारीक पांढरा मोहर गाळायला लागतो आणि माझं डोकं तापतं. उन्हानं नव्हे. सोलापूरचं ऊन मी जन्मापासून अंगावर घेतलं आहे, त्याचं मला काही वाटत नाही. डोकं तापतं ते एका जुन्या आरोपानं. पन्नास वर्षं होत आली, आरोप करणारे बहुतेक गेले, आळ खोटा ठरला तोही त्यांच्यादेखत. तरी मोहराचा तो कडवट वास नाकात गेला की माझा उजवा पाय आपोआप मागे सरकतो, आणि मग मला स्वतःचाच राग येतो.

यंदा तर निमित्तच झालं. माझी भाची मंजिरी एक जुनी टर्बोवाली गाडी वापरते. उन्हाळा सुरू झाला आणि ती गाडी सिग्नलला उभी असताना उगाचच घूं घूं करायला लागली. पाय काढला तरी इंजिन खाली येईना. गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या तरुण पोरानं बॉनेटही न उघडता विचारलं, "गाडी चालवतं कोण? मॅडमच का? मग पाय राहत असेल पेडलवर." मी त्याच्याच खुर्चीत बसून त्याचाच चहा पीत होते. कप खाली ठेवला आणि म्हटलं, "आधी तिला खाली उतरू दे. मग गाडी चालू कर. मग पायाबद्दल बोल." मंजिरी माझ्याकडे बघतच राहिली. तिला वाटलं, मावशीला ऊन लागलं. ऊनच होतं ते, फक्त पन्नास वर्षांपूर्वीचं.

त्या उन्हाळ्यात सकाळी गिरणीचा भोंगा वाजायच्या आतच भिंती तापायला सुरुवात व्हायची. दुपारी बाराला रस्त्यावर कुत्रं दिसत नसे. माठाला गुंडाळलेलं ओलं फडकं तासाभरात खडखडीत वाळे. डांबर चपलेला चिकटायचं आणि चालताना चटचट आवाज यायचा. आणि दवाखान्याच्या दारात, कडुलिंबाखाली, आमची काळी गाडी उभी असायची. तिच्या बॉनेटवर मोहराचा सडा पडलेला असे. गाडी चालू केली की ती बारीक फुलं त्या पत्र्यावर थडथड नाचत आणि कडेनं खाली ओघळत. ती फुलं मला अजून दिसतात.

दवाखाना बायकांचा होता. चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई साठीच्या पुढच्या, विधवा, बोलायला तिखट. गाडी त्यांच्या यजमानांची, विलायतेहून आलेली, माझ्याहून वयानं मोठी. खेड्यांतून अडलेल्या बाळंतिणी आणायला तिचा उपयोग व्हायचा. बाईंची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी एक दिवस किल्ली माझ्यापुढे टाकली. मी तेव्हा बावीस वर्षांची, दवाखान्यात पुड्या बांधायचे, सुया उकळायचे. म्हटलं, "बाई, मला सायकलसुद्धा येत नाही." त्या म्हणाल्या, "बरं झालं. चुकीच्या सवयी नाहीत." महिनाभर त्यांनी मला रोज पहाटे मोकळ्या मैदानात फिरवलं. शिकवताना त्या एकच सांगत: पाय हा कानाचा नोकर आहे, इंजिनाचं ऐकायचं आणि मग पायाला सांगायचं. मी परवाना काढला तेव्हा त्या कचेरीतला कारकून दोनदा उठून बघून गेला.

गावानं तोंडात बोटं घातली, मग काढली, मग ती बोटं माझ्याकडे रोखली. त्यात नवल नाही. पण किल्ली माझ्या पदराला बांधलेली होती आणि तिचं वजन मला आवडायचं. तोवर माझं जग म्हणजे आमची गल्ली, दवाखाना आणि वर्षातून एकदा संक्रांतीला भरणारी गड्ड्याची जत्रा. किल्ली आल्यावर बार्शीचा रस्ता माझा झाला, अक्कलकोटचा झाला. बाभळींच्या रांगा, कोरड्या ओढ्यांचे पूल, मेंढरं घेऊन निघालेले धनगर, सगळं माझं झालं. ती किल्ली गेली असती तर मी पुन्हा पुड्या बांधायला बसले असते. हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणून त्या उन्हाळ्यात मी इतकी चवताळले.

आमचं घर विणकरांचं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. नान्ना, म्हणजे माझे वडील, मागावर बसत नसत. ते जकार्डचे पुठ्ठे पाडत. ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: चादरीवर मोर हवा असेल तर तो आधी लांबट जाड पुठ्ठ्यांवर भोकांच्या रांगांनी लिहावा लागतो. एकेक पुठ्ठा मागावर चढतो, भोक असेल तिथला दोरा उठतो, नसेल तिथला खाली राहतो. अशा शेकडो पुठ्ठ्यांची माळ फिरली की चादरीत मोर उतरतो. नान्ना कागदावरच्या चौकोनांकडे बघून भोकं पाडायचे आणि प्रत्येक पुठ्ठ्यावर निळ्या पेन्सिलीनं आकडा घालायचे. त्यांचा चार मला कुठेही ओळखू येई, वरून मिटलेला आणि थोडा डावीकडे कललेला.

जुन्या नक्षीचे पुठ्ठे कारखाना टाकून द्यायचा आणि ते आमच्या घरी यायचे. आमच्या गल्लीत ते कशाला वापरले जात नसत ते विचारा. फळीवर अंथरायला, डब्याच्या झाकणात घालायला, वारा घ्यायला, चूल पेटवायला, पोरांच्या पुस्तकांना पाठ म्हणून. "असला पुठ्ठा बाजारात न्हाई मिळणार," असं नान्ना ऐटीत सांगत. म्हणून दिवाळीच्या सुमारास आमच्या काळ्या गाडीचं, इंजिनाला पेट्रोल आणि हवा देणाऱ्या कार्बोरेटरखालचं पॅकिंग, म्हणजे सांधा घट्ट बसावा म्हणून मधे घालतात तो पातळ पुठ्ठा, गेलं आणि मिस्त्री म्हणाला, "ह्या गाडीचं पॅकिंग हितं न्हाय मिळायचं, ममईला बी मिळंल का न्हाय," तेव्हा मी घरी जाऊन एक पुठ्ठा आणला. जुनं पॅकिंग त्यावर ठेवून पेन्सिल फिरवली, कात्रीनं कापलं, मधे आलेली भोकं कपड्याच्या साबणानं बुजवून सपाट केली. मिस्त्रीनं बसवलं. गाडी पहिल्या हँडलला चालू झाली. मिस्त्री म्हणाला, "लई भारी काम केलंस की, अंबूताई." मी चार दिवस हवेत होते. मग विसरून गेले.

हिवाळा सुरळीत गेला. होळी झाली आणि गाडीचा स्लो बिघडला. पाय काढल्यावर इंजिन ज्या संथ गतीनं चालत राहतं त्याला मिस्त्री लोक स्लो म्हणतात. सकाळी गार असताना सगळं शहाण्यासारखं. तासभर चालून तापली की मात्र उभ्या उभ्या बोंबलायला लागायची. चौकात पोलीस वळून बघायचा. दवाखान्यासमोर थांबले की आतल्या बायका खिडकीत यायच्या. एक म्हातारी मला म्हणाली, "का गं बाय, गाडी इतकी वरडतीया कशापायी? तिला बी कळा आल्या का?" मी हसले. तेव्हा हसू येत होतं.

मिस्त्रीनं कान लावला, डोकं खाजवलं, स्लोचा स्क्रू थोडा सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गार असताना बंद पडायला लागली, म्हणून पुन्हा आवळला. सोड, आवळ, सोड, आवळ असे पंधरा दिवस गेले. शेवटी ज्या माणसाला उत्तर सापडत नाही तो जे करतो तेच त्यानं केलं. "गाडीत काय न्हाय," तो म्हणाला. "बाईमाणसाचा पाय हाय. दाबून दाबून एक्सिलेटरची तार पार ताणून टाकलीया." आणि हे त्यानं मला नाही सांगितलं, आप्पांना सांगितलं.

आप्पा म्हणजे दवाखान्याच्या कमिटीतले मोठे. पांढरं धोतर, काळी टोपी, शांत आवाज. पेट्रोलची सोय त्यांच्याकडून व्हायची, म्हणून गाडीबद्दल बोलायचा हक्कही त्यांचाच. त्यांना हे उत्तर फार आवडलं. मला बोलावून म्हणाले, "हे बघ बाळ, तुझ्यावर राग नाही. पण बायकांचा पाय जड असतो, हे निसर्गाचंच आहे." मी विचारलं, "आप्पा, शिवणयंत्रावर दिवसभर पाय कोण मारतं?" ते हसले. अशी माणसं हसतात तेव्हा त्यांनी ऐकलेलं नसतं. महिनाअखेरच्या बैठकीत पुरुष ड्रायव्हर ठेवण्याचा विषय घ्यायचं ठरलं. तोवर सावधगिरी म्हणून मिस्त्रीनं एक्सिलेटरच्या पेडलखाली लाकडाचा एक ठोकळा ठोकला, म्हणजे माझा जड पाय ठराविक हद्दीपलीकडे जाऊ नये.

त्या ठोकळ्यासह मी आठ दिवस गाडी चालवली. त्या आठ दिवसांची आठवण आली तरी दात आवळले जातात. कुणी चिमट्यात नाक धरून श्वास घ्यायला सांगावा तसं होतं ते. उभी राहिली की गाडी आधीसारखीच बोंबलायची, आणि चढ आला की मात्र दम नाही. म्हणजे ठोकळ्यानं काहीच सिद्ध झालं नव्हतं, उलट माझंच म्हणणं खरं ठरत होतं. पण ठोकळ्याकडे बघायला कुणाला वेळ होता? सगळे पायाकडे बघत होते.

आठव्या दिवशी बार्शी रस्त्याच्या आतल्या एका वस्तीवरून बोलावणं आलं. दुपारचे दोन. मागच्या सीटवर अडलेली बाई, तिचं डोकं सासूच्या मांडीवर. ओढ्यातून वर चढायचा कच्चा रस्ता, आणि निम्म्यात गाडीनं मान टाकली. पाय ठोकळ्याला टेकलेला, पुढे जागाच नाही. मागून सासू म्हणाली, "जाऊ द्या की वो ताई, का थांबलासा?" मी उतरले, चाकाखाली दगड लावला, हँडलचा लोखंडी दांडा काढला आणि तीन घावांत ठोकळा उखडला. मागच्या सीटवर ठोकळ्याचा एक ढलपा उडाला तेव्हा त्या बाईनं वेणा विसरून विचारलं, "काय मोडलं?" मी म्हटलं, "काही नाही. आता जाऊ." गाडी ओढ्यातून वर आली. मुलगी झाली, दवाखान्यात, दिवेलागणीच्या आधी. तो ठोकळा मी फेकला नाही. आजही माझ्या खोलीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून तो उंबऱ्याशी असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "मला आजचा दिवस द्या. दोष कुठं आहे ते मी शोधते." त्या म्हणाल्या, "रोग्याला तपासतात तसं तपास. आधी काय नाही ते ठरव."

काय नाही ते मी ठरवत गेले. गाडी तापवून आणली, कडुलिंबाखाली उभी केली, चालू ठेवून खाली उतरले आणि दार लावून टाकलं. आत कुणी नाही. बॉनेटवर फुलं थडथडतायत, इंजिन बोंबलतंय. मिस्त्रीला हाक मारली. "बघा. मी इथं उभी आहे. माझे दोन्ही पाय मातीत आहेत. आता आत कुणाचा पाय आहे?" तो म्हणाला, "तुमी आधीच ताणून ठिवलीया न्हवं?" आळ आळच असतो, पुराव्यानं लगेच पडत नाही. मी बॉनेटची एक बाजू उचलली, जुन्या गाडीचं ते तसंच उघडायचं आणि दुसऱ्या बाजूवर फुलं नाचतच राहायची, आणि एक्सिलेटरची तारच काढून ठेवली. तरी बोंब. चोक तपासला, उघडा होता. मग स्लोचा स्क्रू पूर्ण सोडला. आता कार्बोरेटरमधून हवा जायला वाट नव्हती, इंजिन गुदमरून बंद पडायला हवं होतं. ते मजेत धावत राहिलं. त्या क्षणी मला कळलं: हिला हवा मिळतेय. दारातून नाही, चोरवाटेनं. गाडी कुठूनतरी एअर घेतेय.

कुठून? बाई उत्साहानं गळ्यातला स्टेथोस्कोप घेऊन आल्या. त्यांनी इंजिनाला चार ठिकाणी नळी लावली आणि वैतागून काढली. "नुसती धडधड आहे. हिला सगळीकडे हृदय आहे." मग मी कपाटातून मोठी काचेची पिचकारी आणली, तिच्यात एरंडेल भरलं आणि एकेका सांध्यावर दोन-दोन थेंब सोडत गेले. फट असेल तर घट्ट तेल ती क्षणभर बुजवणार आणि इंजिनाचा आवाज पडणार, एवढाच हिशोब. वरच्या सांध्यावर काही नाही. बाजूच्या नळीवर काही नाही. माझ्या गळ्यावरून घाम ओघळत होता, पत्र्याला हात लागला की चटका बसत होता. सगळे सांधे झाले. एकच राहिला, कार्बोरेटरखालचा. आणि तिथं तेल टाकायला माझा हात धजेना.

हे मी आज मोकळेपणानं लिहिते. तो सांधा मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. ते पॅकिंग माझं होतं. त्याचं कौतुक झालं होतं. जिथं आपला हात लागलेला असतो तिथं माणूस सगळ्यांत शेवटी बघतो, आणि मिस्त्रीनं सगळ्यांत आधी माझ्या पायाकडे बोट दाखवलं तेही बहुधा याचमुळे असेल. ते पॅकिंग बसवलं होतं त्यानं.

मी दोन थेंब टाकले. तेल आत ओढलं गेलं आणि इंजिनाचा आवाज एकदम उतरला. फुलं थांबली. मग तेल संपलं आणि फुलं पुन्हा नाचायला लागली.

इंजिन गार होऊ दिलं, चार नट काढले, कार्बोरेटर उचलला. माझं पॅकिंग करपून तांबूस झालं होतं. भोकांची एक रांग आतल्या कडेपासून थेट बाहेरच्या कडेपर्यंत गेली होती. मधल्या बारीक भिंती उष्णतेनं आकसून तुटल्या होत्या आणि साबणाला वाट फुटली होती. गार असताना तो आळून बसे, तापला की सुटे. आणि एका कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीचा आकडा, डावीकडे कललेला चार.

संध्याकाळी ते मी नान्नांपुढे ठेवलं. त्यांनी ते उजेडात धरलं, भोकांवरून अंगठा फिरवला. "मोराच्या चादरीतला हाय," ते म्हणाले. "मानेजवळचा. एम्मा अंबू, भोक पाडलेला पुठ्ठा कशाला घेतलीस? त्याच्यातून आरपार जायलाच तर मी भोकं पाडली." मी म्हटलं, "कोरा तुम्ही कधी देता का?" कोरा पुठ्ठा कारखान्याचा, तो घरी आणायचा नाही हा त्यांचा नेम. तीस वर्षांत त्यांनी तो मोडला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी मालकाला विचारून एक कोरा पुठ्ठा आणला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हा अजून काही बोलत न्हाई. ह्याला काप."

त्या रात्री मला एक सोपी वाट सुचली होती, तीही सांगते. जुनं पॅकिंग चुलीत घालायचं, नवं बसवायचं आणि बैठकीत म्हणायचं, मिस्त्रीनं बसवलेलं पॅकिंग खराब होतं. ते खोटंही नव्हतं. पण मग मी तेच केलं असतं जे माझ्याशी झालं होतं, म्हणजे आपला दोष उचलून दुसऱ्याच्या अंगावर टाकणं. आणि मला नुसती सुटका नको होती. मला माझा पाय परत हवा होता, स्वच्छ.

बैठकीत मी टेबलावर दोन वस्तू ठेवल्या, ठोकळा आणि करपलेलं पॅकिंग. काय झालं ते सांगितलं. पुठ्ठा माझ्या घरचा, कापला मी, साबण लावला मी. मिस्त्री दाराशी उभा होता, त्यानं मान खाली घातली. आप्पांचा चेहरा उजळला. "म्हणजे शेवटी चूक तुझीच निघाली की!"

"हो," मी म्हटलं. "माझीच. पण हाताची. हाताची चूक हातानं दुरुस्त केली आहे, गाडी बाहेर उभी आहे. तुम्ही इतके दिवस बोललात ते पायाबद्दल. त्याचं काय ते बोला."

आप्पांनी पुरुष ड्रायव्हरच्या विषयाचा कागद घडी घालून खिशात टाकला आणि छत्री उचलली. मग बाई म्हणाल्या, "आप्पासाहेब, उन्हाचं चालत कुठं जाता? अंबू सोडेल तुम्हाला."

मंजिरीच्या गाडीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. त्या पोरानं कंप्युटर जोडला, पडद्यावर बरंच काही आलं, त्यातलं मला काही कळलं नाही. मी एवढंच म्हटलं, "बाळा, एअर घेत असेल. गरम भागाजवळच्या नळ्या बघ." टर्बोच्या कडेची एक रबरी नळी उष्णतेनं तडकली होती, तापली की उघडायची. पोरगा शहाणा निघाला. मंजिरीसमोर उभा राहून म्हणाला, "सॉरी मॅडम. पायाचं मी उगाच बोललो." एवढं एक वाक्य. नळी सापडल्यावर ते म्हणायला त्याला पाचच मिनिटं लागली. मला ते कधीच कुणी म्हटलं नाही.

आप्पाही म्हणाले नाहीत. पण त्या दुपारी ते माझ्या शेजारच्या सीटवर बसले, छत्री दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून. मी चपला काढून ठेवल्या आणि अनवाणी पायानं गाडी काढली. बघू दे ना. ते बघतच होते. समोरचा रस्ता सोडून सबंध वाटभर त्यांची नजर माझ्या उजव्या पायावर होती. अर्ध्या वाटेत रेल्वेचं फाटक पडलेलं. मी गाडी थांबवली, पाय काढला आणि मुद्दाम सीटखाली मागे ओढून घेतला. मालगाडी अजून दूर होती. बैलगाडीवाला, दोन सायकलवाले, सगळे उन्हात गप्प उभे. बॉनेटच्या फटीत अडकलेली कडुलिंबाची चार फुलं होती, ती हलत नव्हती.

आप्पांनी थोडा वेळ कानोसा घेतला. मग रुळांपलीकडच्या फाटकाकडे, अलीकडच्या फाटकाकडे, माझ्याकडे पाहिलं आणि काळजीनं विचारलं, "बंद पडली का गं?"

"नाही, आप्पा," मी म्हटलं. "चालू आहे."